जॉन स्मिथ, मुक्काम नागपूर: परक्या देशासाठी लढलेल्या ३५ हजारांची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा जे आत्ता गाडीत उभे आहेत आणि इयरफोन घरी विसरलेत, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर. बोलताना जी वाक्यं आली ती बरीचशी तशीच ठेवली आहेत, त्यामुळे कुठे फारच गप्पा मारल्यासारखं वाटलं तर चालवून घ्या.

तर, साल १९३८. उत्तर स्पेनमध्ये बुर्गोस नावाचं शहर आहे. त्याच्याजवळ सान पेद्रो दे कार्देन्या हा एक जुना मठ. त्या वेळी तिथे युद्धकैद्यांचा तळ होता. शेकडो परदेशी माणसं तिथे कोंडलेली. इंग्रज, अमेरिकन, कॅनेडियन, जर्मन, पोलिश. खायला पातळ सूप, अंगावर उवा, आणि जरा काही चुकलं की पाठीवर दंडुका. या कैद्यांमध्ये एकाचं नाव होतं जॉन स्मिथ. इतकं साधं इंग्रजी नाव, की आपल्याकडे नमुन्याच्या अर्जावर ‘अ. ब. क.’ लिहितात तसं. पण माणूस इंग्रज नव्हता. त्याचं खरं नाव गोपाळ मुकुंद हुद्दार. आपल्या नागपूरचा माणूस.

आता नागपूरचा माणूस खोट्या नावाने स्पेनच्या तुरुंगात काय करत होता? त्यासाठी आधी आंतरराष्ट्रीय ब्रिगेड म्हणजे काय ते बघावं लागेल. आणि ते बघताना एक प्रश्न डोक्यात ठेवा. ही सगळी माणसं स्वतःच्या मर्जीने गेली होती. पण परत यायची मर्जी त्यांच्या हातात होती का?

भांडण स्पेनचं, माणसं जगभरची

थोडक्यात पार्श्वभूमी. फेब्रुवारी १९३६ मध्ये स्पेनमध्ये निवडणूक झाली आणि डाव्या पक्षांची आघाडी सत्तेवर आली. जुलैमध्ये लष्करातल्या काही सेनापतींनी सरकारविरुद्ध बंड केलं. त्यांच्यातला पुढे सर्वेसर्वा झालेला म्हणजे फ्रान्सिस्को फ्रँको. बंड्यांना वाटलं होतं की चार दिवसांत देश हातात येईल. तसं झालं नाही. माद्रिद, बार्सिलोना अशी मोठी शहरं सरकारकडेच राहिली आणि देशाचे सरळ दोन तुकडे पडले.

फ्रँकोने मदत मागितली हिटलर आणि मुसोलिनीकडे. दोघांनीही ती लगेच दिली. जर्मनीने विमानं आणि वैमानिक पाठवले. तीच पुढची कुप्रसिद्ध कोंडोर लीजन, जिने एप्रिल १९३७ मध्ये गेर्निका गावावर बाँबवर्षाव केला. इटलीने तर पूर्ण युद्धभरात ७० हजारांहून जास्त सैनिक पाठवले.

आणि ब्रिटन, फ्रान्स? त्यांनी ठरवलं की आपण यात पडायचं नाही. ‘हस्तक्षेप नको’ असा एक करार झाला. त्यावर २७ देशांनी सह्या केल्या. सह्या करणाऱ्यांत जर्मनी आणि इटलीही होते बरं का! म्हणजे ज्यांना पाळायचा नव्हता त्यांनी सही करून मोडला, आणि ज्यांनी पाळला त्यांच्यामुळे स्पेनच्या सरकारलाच शस्त्रं विकत मिळेनाशी झाली. सरकारला मोठी शस्त्रमदत मिळाली ती मुख्यतः सोव्हिएत रशियाकडून, आणि ती फुकट नव्हती.

अशा वेळी सप्टेंबर १९३६ मध्ये मॉस्कोत कॉमिन्टर्नने, म्हणजे जगभरच्या कम्युनिस्ट पक्षांच्या मध्यवर्ती संघटनेने, ठरवलं की परदेशी स्वयंसेवकांची एक फौज उभी करायची. ऑक्टोबरच्या मध्यावर पहिली माणसं अल्बासेते या गावी पोचली. तिथे तळ पडला. पुढच्या दोन वर्षांत ५० हून जास्त देशांतून साधारण ३५ हजार माणसं या ब्रिगेडमध्ये आली. एका वेळी मात्र २० हजारांपेक्षा जास्त कधीच नव्हती.

सगळे कम्युनिस्ट होते का? बरेचसे होते, सगळे नव्हते. खाणकामगार, गोदीतले हमाल, शिंपी, शिक्षक, विद्यार्थी, काही कवी. जर्मनी, इटलीतून आलेले बहुतेक आधीच देशोधडीला लागलेले होते. हिटलर-मुसोलिनीशी लढायला त्यांना स्वतःच्या देशात जागाच उरली नव्हती. अमेरिकेतून आलेल्यांमध्ये काळे स्वयंसेवकही होते. त्यांच्यापैकी ऑलिव्हर लॉ हा लिंकन बटालियनचा प्रमुख झाला. गोऱ्या सैनिकांना हुकूम देणारा काळा अधिकारी ही गोष्ट त्या काळच्या अमेरिकी सैन्यात जवळजवळ अशक्यच होती. जुलै १९३७ मध्ये ब्रुनेतेच्या लढाईत तो मारला गेला.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर गोष्ट अर्धीच राहील. फ्रँकोकडूनही परदेशी स्वयंसेवक लढायला आले होते. आयर्लंडमधून सुमारे ७०० कॅथलिक गेले. कारण सरकारी बाजूच्या प्रदेशात युद्धाच्या काळात सुमारे ७ हजार पाद्री, साधू आणि जोगिणी मारल्या गेल्या होत्या. त्या आयरिश माणसांनाही वाटत होतं की आपण धर्मासाठी, न्यायासाठी चाललो आहोत. म्हणजे मर्जीने जाणारा प्रत्येक जण योग्य बाजूलाच जातो असं काही नसतं.

जायचं कसं?

ही गंमत ऐका. लंडनहून पॅरिसला त्या काळी शनिवार-रविवारचं स्वस्त सहलीचं तिकीट मिळायचं आणि त्याला पासपोर्ट लागत नसे. शेकडो ब्रिटिश स्वयंसेवक असेच, जणू दोन दिवस मजा करायला चाललोय अशा थाटात गेले. ज्यांनी आयुष्यात पासपोर्ट बघितला नव्हता असे बेकार कामगार त्यात होते.

जानेवारी १९३७ मध्ये ब्रिटिश सरकारने १८७० चा एक जुना कायदा उकरून काढला आणि परक्या देशाच्या युद्धात भरती होणं गुन्हा आहे असं बजावलं. अमेरिकेने पासपोर्टवर ‘स्पेनसाठी वैध नाही’ असा शिक्का मारायला सुरुवात केली. फ्रान्सने सीमा बंद केली. मग वाट उरली ती पिरिनीज पर्वतावरून. रात्रीच्या अंधारात, वाटाड्यामागून, एका रांगेत, न बोलता, विडी-काडी न पेटवता. पायात दोरीच्या तळव्याचे कापडी जोडे, म्हणजे आवाज होऊ नये. आपल्याकडे ट्रेकला जाणाऱ्यांनी कल्पना करा: आयुष्यात डोंगर न चढलेला माणूस, हातात टॉर्च नाही, आणि खाली गस्तीचे शिपाई. उजाडता उजाडता पलीकडे उतरले की स्पेन.

काही जण समुद्रामार्गे गेले. मे १९३७ मध्ये ‘सिउदाद दे बार्सेलोना’ नावाचं जहाज किनाऱ्याजवळ पाणबुडीने बुडवलं. त्यातले कित्येक स्वयंसेवक बंदुकीला हात लावण्याआधीच गेले.

हारामाची टेकडी

पोचल्यावर काय? तुम्हाला वाटेल, सहा महिने प्रशिक्षण वगैरे. छे! काही आठवडे मिळाले तरी नशीब. अनेक भाषा, जुन्यापान्या रायफली, एकाची गोळी दुसरीला बसत नाही.

ब्रिटिश बटालियनचं उदाहरण घेऊ. हिला सुरुवातीला नाव दिलं होतं शापुरजी सकलातवाला यांचं. मुंबईत जन्मलेला पारशी माणूस, जमशेटजी टाटांचा भाचा, आणि ब्रिटिश संसदेत निवडून गेलेला कम्युनिस्ट खासदार! जानेवारी १९३६ मध्ये ते वारले होते. नाव फारसं रुळलं नाही, सगळे ‘ब्रिटिश बटालियन’च म्हणायचे. पण इंग्लंडच्या कामगारांच्या तुकडीला एका मुंबईकराचं नाव दिलं गेलं, हे विसरू नये.

१२ फेब्रुवारी १९३७. माद्रिदच्या आग्नेयेला हारामा नदीचं खोरं. बटालियनमध्ये सुमारे ६०० माणसं. बहुतेकांची पहिलीच लढाई. एका उघड्या टेकडीवर ते चढले आणि समोरून फ्रँकोचे कसलेले मोरोक्कन सैनिक आले. बटालियनकडे मशीनगन होत्या, पण त्यांच्यासाठी आलेल्या गोळ्या भलत्याच निघाल्या. योग्य गोळ्या मिळेपर्यंत दिवस कलायला आला. संध्याकाळी मोजदाद केली तेव्हा लढायला उभे होते सव्वादोनशेच्या आसपास. बाकीचे मेलेले, जखमी, किंवा कुठे पांगलेले. त्या टेकडीला पुढे ‘आत्महत्येची टेकडी’ म्हणू लागले.

आणि तरीही, उरलेल्यांनी पुढचे दोन दिवस ती बाजू सोडली नाही. माद्रिदचा रस्ता फ्रँकोला मिळाला नाही.

पुढच्याच महिन्यात ग्वादालाहाराला तर इटालियन विरुद्ध इटालियन असा सामना झाला. एका बाजूला मुसोलिनीने पाठवलेले सैनिक, दुसऱ्या बाजूला ब्रिगेडमधली इटालियनांची गारिबाल्दी बटालियन. कर्ण्यांवरून इटालियन भाषेतच हाका: ‘इकडे या, आमच्यात या.’ तिथे मुसोलिनीच्या सैन्याचा मोठा पराभव झाला.

आत शिरायचं दार होतं, बाहेरचं नव्हतं

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. समजा तुम्ही सहा महिने लढलात, दोनदा जखमी झालात, आणि म्हणालात, ‘बास, आता घरी जातो.’ जाता येत होतं का?

बहुतेकांना नाही. कित्येकांना वाटलं होतं की स्वयंसेवक म्हणजे हवं तेव्हा परतता येईल. पण ब्रिगेड स्पेनच्या सैन्याचा भाग झाली आणि नियम सैन्याचेच लागू झाले. पळून जाताना सापडला तर कैद, कामगार तुकडी, आणि काही जणांना गोळीही घातली गेली. अल्बासेतेचा प्रमुख आंद्रे मार्ती हा फ्रेंच कम्युनिस्ट इतका संशयी होता, की त्याला प्रत्येक कोपऱ्यात हेर दिसायचे. त्याच्या नावाला ‘अल्बासेतेचा खाटीक’ असं विशेषण चिकटलं ते उगीच नाही.

पासपोर्टचं तर वेगळंच. आल्या आल्या अनेकांचे पासपोर्ट जमा केले जायचे, आणि त्यातले बरेच परत मिळाले नाहीत. ते सोव्हिएत हेरखात्याच्या कामी आले. १९४० मध्ये मेक्सिकोत ट्रॉट्स्कीचा खून करणारा रामोन मेर्कादेर ज्या खोट्या पासपोर्टवर फिरत होता, तो मुळात स्पेनमध्ये लढायला गेलेल्या एका कॅनेडियन स्वयंसेवकाचा होता. विचार करा. एक माणूस हिटलरविरुद्ध लढायला घर सोडतो, मरतो, आणि त्याच्या कागदावर स्वार होऊन दुसरा कोणी खून करायला जातो.

मग ही सगळी फसवणूकच होती का? मला तसं वाटत नाही. ज्यांनी त्यांना वापरलं त्यांचा हिशेब वेगळा आणि जे गेले त्यांचं कारण वेगळं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

हुद्दारांची वाट

आता परत आपल्या जॉन स्मिथकडे.

गोपाळ मुकुंद हुद्दार, ओळखीचे लोक त्यांना बाळाजी म्हणायचे. त्यांचा प्रवास एका वाक्यात मावणारा नाही. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या सुरुवातीच्या वर्षांत ते डॉ. हेडगेवारांचे सहकारी आणि संघाचे सरकार्यवाह होते. १९३१ मध्ये बालाघाटच्या राजकीय दरोड्याच्या प्रकरणात सापडले आणि तुरुंगात गेले. सुटल्यावर पत्रकारिता शिकायला लंडनला पोचले. तिथे स्पेनच्या बातम्या, सभा, निधी गोळा करणं हे सगळं जोरात होतं. हुद्दार निधी देऊन थांबले नाहीत. १९३७ मध्ये ते जॉन स्मिथ झाले आणि स्पेनला गेले.

१९३८ चा वसंत ब्रिगेडसाठी वाईट ठरला. अरागॉनच्या आघाडीवर फ्रँकोच्या फौजेने मुसंडी मारली आणि सरकारी सैन्याची पळापळ झाली. त्या माघारीत गांदेसाच्या भागात हुद्दार पकडले गेले आणि त्या मठात जाऊन पडले.

त्या मठात काय चालायचं हे भारी आहे. मार खाणाऱ्या, उपाशी माणसांनी तिथे वर्ग सुरू केले. कोणी गणित शिकवतंय, कोणी स्पॅनिश. बुद्धिबळाचे डाव मांडले. हाताने लिहिलेलं एक वृत्तपत्र काढलं. आणि याच कैद्यांवर वाय्येहो-नाहेरा नावाचा फ्रँकोचा लष्करी मनोविकारतज्ज्ञ ‘संशोधन’ करत होता. मार्क्सवादी असणं हा मेंदूचा काही दोष आहे का, हे त्याला शोधायचं होतं! डोकी मोजली, प्रश्नावल्या भरून घेतल्या. त्याच्या डोक्यात हे शिरतच नव्हतं की कोणी धडधाकट माणूस विचार करून दुसऱ्याच्या देशासाठी लढायला येऊ शकतो.

हुद्दार १९३८ मध्येच सुटले, लंडनमार्गे भारतात परतले, आणि पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले. एका माणसाच्या आयुष्यात ‘स्वयंसेवक’ या शब्दाचे दोन अगदी वेगळे अर्थ होऊन गेले. तुम्हाला यातला कुठला पटतो हा तुमचा प्रश्न. पण पारतंत्र्यातल्या देशातला माणूस, ज्याच्या स्वतःच्या घरी इंग्रजाचं राज्य आहे, तो इंग्रजांच्याच खांद्याला खांदा लावून तिसऱ्याच्या स्वातंत्र्यासाठी लढला, हे विसरता येत नाही.

आणि ते एकटे नव्हते. डॉ. मदन मोहनलाल अटल यांनी स्पेनमध्ये जखमींवर उपचार केले. १९३८ मध्ये तेच भारतीय वैद्यकीय पथक घेऊन चीनला गेले. त्या पथकात होते नागपूरचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. होय, तेच कोटणीस, ज्यांच्यावर व्ही. शांतारामांनी सिनेमा काढला. चीनमध्ये कोटणीस ज्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, त्याला नाव होतं नॉर्मन बेथ्यून या कॅनेडियन डॉक्टरचं. आणि बेथ्यूनही आधी स्पेनमध्येच होता. रणभूमीपर्यंत रक्ताच्या बाटल्या गाडीतून पोचवायची सोय त्याने तिथे उभी केली होती. म्हणजे सोलापूरची वाट चीनला जाते ती स्पेनवरून!

निरोप, आणि नंतर

२१ सप्टेंबर १९३८. जिनिव्हात राष्ट्रसंघाच्या सभेत स्पेनचे पंतप्रधान हुआन नेग्रीन यांनी जाहीर केलं की आमच्या बाजूचे सगळे परदेशी स्वयंसेवक आम्ही परत पाठवतो. आशा ही की त्या बदल्यात जग हिटलर-मुसोलिनीलाही माणसं काढायला लावेल. जगाने काही केलं नाही. नऊच दिवसांनी म्युनिकमध्ये ब्रिटन-फ्रान्सने चेकोस्लोव्हाकियाचा लचका हिटलरला देऊन टाकला.

२८ ऑक्टोबरला बार्सिलोनात ब्रिगेडचं निरोपाचं संचलन झालं. रस्त्यावर फुलांचा खच, लाखोंची गर्दी. डोलोरेस इबारुरीने त्यांना सांगितलं की शांततेचे दिवस येतील तेव्हा परत या, इथे तुम्हाला घर मिळेल.

पण तेव्हा घरी जायचं कुठे? ब्रिटिश, अमेरिकन गेले. अमेरिकेतून आलेल्या सुमारे २,८०० पैकी साधारण ७५० मागे स्पेनच्या मातीतच राहिले. जे परतले त्यांच्यावर पुढे अनेक वर्षं पाळत होती. त्यांच्यासाठी एक चमत्कारिक शब्दही प्रचारात आला: ‘वेळेआधीचे फॅसिस्टविरोधी’. म्हणजे १९४१ नंतर हिटलरविरुद्ध लढलात तर वीर, १९३७ मध्ये लढलात तर संशयित! स्वित्झर्लंडने आपल्या स्वयंसेवकांना परतल्यावर शिक्षा ठोठावल्या आणि त्या रद्द केल्या थेट २००९ मध्ये.

जर्मन, इटालियन, ऑस्ट्रियन, पोलिश लोकांना तर परतायला देशच नव्हता. फेब्रुवारी १९३९ मध्ये त्यांनी सीमा ओलांडून फ्रान्स गाठला. फ्रान्सने त्यांना समुद्रकिनाऱ्यावरच्या वाळूत, काटेरी तारांच्या आत ठेवलं. त्यातले काही पुढे नाझींच्या छळछावण्यांत गेले, काही फ्रान्सच्या भूमिगत लढ्यात. आणि काहींचा घात त्यांच्याच लोकांनी केला. हंगेरीचा लास्लो रायक स्पेनमध्ये लढला, वाचला, मायदेशात मंत्री झाला, आणि १९४९ मध्ये त्याच्याच कम्युनिस्ट सरकारने खोटा खटला चालवून त्याला फासावर चढवलं.

एप्रिल १९३९ मध्ये फ्रँको जिंकला आणि १९७५ मध्ये मरेपर्यंत राज्य केलं. इबारुरीच्या त्या शब्दाला जागायला स्पेनला १९९६ उजाडलं. त्या वर्षी हयात ब्रिगेडवाल्यांना नागरिकत्व देऊ केलं, पण अट अशी की आधीचं नागरिकत्व सोडा. ती अट पुढे २००७ च्या कायद्याने काढली. तोवर बहुतेक म्हातारे देवाघरी गेले होते.

मग, मर्जी त्यांच्या हातात होती का? जाण्याची होती. तेवढीच होती. त्यानंतरचं सगळं दुसऱ्यांनी ठरवलं: सेनापतींनी, पक्षाने, हेरखात्याने, आपापल्या देशाच्या सरकारांनी. मला वाटतं म्हणूनच त्या एका निर्णयाला किंमत आहे. पिरिनीजच्या पायथ्याशी, अंधारात, तो दोरीचा जोडा बांधताना त्यांना कोणी ढकलत नव्हतं.

आजही कुठे ना कुठे युद्ध चालू आहे आणि आजही फोनवर ‘या, आमच्यासाठी लढा’ अशी हाक येते. कधी तत्त्वासाठी, कधी नुसत्या पगाराचं आमिष दाखवून. हाक खरी की खोटी, हे प्रत्येकाला स्वतःच ओळखावं लागतं. पण निदान एवढं विचारायला विसरू नका: जायची वाट तर दाखवलीत, परत यायची कुठे आहे?

पुढच्या भागात भेटूच. तोवर हा भाग तुमच्या नागपूरच्या आणि सोलापूरच्या मित्रांना नक्की पाठवा. त्यांना हुद्दार आणि कोटणीस माहीत आहेत का, तेही विचारा. काळजी घ्या!